सहज दिलेलें मत

ग्रंथांच्या टीकेची आपल्याकडे दीर्घ परंपरा आहे, नाटकाच्या टीकेचीही आहे, आणि चित्रपटाच्या टीकेचीही आतां तशी परंपरा तयार झाली आहे असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु या सर्व परंपरांच्या खालून, भूगर्भांतील झऱ्याप्रमाणें, टीकेचा आणखी एक प्रवाह अखंड वाहत असतो, आणि त्याची दखल घ्यावी असें मात्र कोणा टीकाकाराच्या मनांत येत नाहीं. चित्रपट संपतो, दिवे लागतात, माणसें जिना उतरूं लागतात, आणि कोणी तरी आपल्या सोबत्यास विचारतो, ‘कसा वाटला?’ त्यावर जें उत्तर येतें तेंच आमच्या मतें चित्रपटाचें पहिलें परीक्षण होय. तें लिहिलें जात नाहीं, छापलें जात नाहीं, देणाऱ्यासही तें दुसऱ्या दिवशीं आठवत नाहीं. तथापि चित्रपटाचें भवितव्य ठरतें तें त्यावरच.

यांत अतिशयोक्ति नाहीं. परीक्षण वाचून चित्रपटास जाणारे लोक थोडे. बहुतेक जण जातात ते मेहुण्यानें जेवतांजेवतां, शेजारणीनें दारांत उभ्याउभ्या, किंवा कचेरींतील सोबत्यानें चहाच्या वेळीं सहज टाकलेल्या एका वाक्याच्या भरंवशावर. मराठी चित्रपटाच्या बाबतींत तर या वाक्याचें वजन फारच मोठें असतें. शुक्रवारीं लागलेल्या चित्रपटाचे खेळ पुढच्या शुक्रवारीं टिकतील कीं नाहीं हें पुष्कळदां रविवार संध्याकाळपर्यंत ठरून गेलेलें असतें. एखाद्या दिग्दर्शकाचीं चारपांच वर्षें आणि निर्मात्याचें कर्ज ज्या तराजूंत तोललें जातें त्या तराजूचें वजन म्हणजे ‘बरा आहे’ हे दोन शब्द! ज्या वाक्याचे परिणाम इतके दूरवर जातात तें वाक्य कसें तयार होतें, त्यांत खरें किती असतें आणि उसनें किती असतें, याचा विचार करणें निरर्थक ठरूं नये.

हा विचार नाशिकांत बसून करण्यास एक विशेष औचित्य आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० सालीं येथून जवळच त्र्यंबकेश्वरास झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा पहिला चित्रपट मुंबईंत गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत ३ मे १९१३ रोजीं लोकांपुढें आला, आणि त्याच सालीं त्यांनीं आपला सर्व संसार व कारखाना नाशिकास हलविला. पुढें १९१८ सालीं हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी येथेंच निघाली, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं फाळके वारले तेही नाशिकांतच. ही हकीकत शाळेंतल्या मुलांसही पाठ असते. मात्र तींतील एक गोष्ट आपण फारशी ध्यानांत घेत नाहीं. ती ही कीं, चित्रपट काढण्यापूर्वीं फाळके हे आपल्यासारखेच तिकीट काढून आंत शिरलेले एक साधे प्रेक्षक होते. मुंबईच्या एका तंबूवजा चित्रपटगृहांत त्यांनीं ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट पाहिला, घरीं आल्यावर त्याविषयीं बोलले, आणि पत्नीस घेऊन पुन्हां पाहावयास गेले. आपल्या राम-कृष्णांस असें पडद्यावर केव्हां पाहावयास मिळेल, ही जी तळमळ त्यांना लागली ती त्यांनीं स्वतः १९१७-१८ सालीं ‘नवयुग’ मासिकांतील आपल्या लेखांत सांगितली आहे. अशी तळमळ म्हणजे पाहिलेल्या चित्रपटाविषयींचें एक सहज दिलेलें मतच नव्हे काय? त्या दिवशीं त्या खेळास आणखीही पुष्कळ लोक होते. त्यांतील बहुतेकांनीं ‘छान होता’ असें म्हटलें असेल आणि ते झोपीं गेले असतील. फाळक्यांस मात्र आपल्या मताची झोप येऊं देईना.

प्रेक्षकाच्या मतांत त्याचा काळ कसा डोकावतो हें पाहावयाचें असेल तर फाळक्यांचा ‘लंकादहन’ घ्यावा. १९१७ सालच्या या चित्रपटांत अण्णा साळुंके या एकाच नटानें रामाचीही भूमिका केली आणि सीतेचीही. आज ही माहिती ऐकतांच आपणांस हंसूं येतें. पण त्या वेळच्या प्रेक्षकांनीं हंसून चित्रपट पाडला नाहीं. उलट तो फाळक्यांच्या अत्यंत लोकप्रिय चित्रपटांपैकीं एक ठरला. संगीत रंगभूमीवर स्त्रीवेष घेणाऱ्या नटांस पाहून ज्यांची दृष्टि घडली होती त्यांना साडी नेसलेल्या साळुंक्यांत सीताच दिसली. एवढ्यावरून ते प्रेक्षक अडाणी होते असें ठरत नाहीं. आपणही आज पन्नाशी गाठलेल्या नटास महाविद्यालयांतील विद्यार्थी म्हणून मुकाट्यानें पाहून घेतों, आणि बाहेर येऊन ‘काम छान केलें’ म्हणतों. आपल्या नातवंडांस त्याचें हंसूं येईल.

सरकारासही एकदां या सहज मतांची गरज भासली होती. १९२७ सालीं दिवाणबहादुर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं चित्रपटांची चौकशी करण्यासाठीं समिति नेमली गेली, आणि तिनें गांवोगांवच्या साक्षीदारांस जे प्रश्न विचारले त्यांत लोकांना कोणत्या प्रकारचे चित्रपट आवडतात हाही प्रश्न होता. साक्षींचे जाडजूड खंड छापले गेले. गंमत एवढीच कीं, साक्षीस बोलावले गेले ते बहुतांशीं वकील, संपादक, चित्रपटगृहांचे मालक आणि अधिकारी. म्हणजे लोकांस काय आवडतें हें लोकांखेरीज बाकी साऱ्यांनीं सांगितलें.

आतां ज्यांना कोणी साक्षीस बोलावीत नाहीं त्यांच्याकडे वळूं. नाशिकांतील द्वारका हें ठिकाण ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना त्याचें वर्णन करून सांगावयास नको. नांव श्रीकृष्णाच्या राजधानीचें; पण दर्शन घडतें तें वाहनांच्या अक्षौहिणी सैन्याचें. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता येथें एकमेकांस भेटतात, डोक्यावरून उड्डाणपूल जातो, आणि खालीं नाशिकरोडकडे, पंचवटीकडे, शालिमारकडे जाणारीं माणसें रिक्षांच्या भोंवतीं घोळक्यानें उभीं असतात. रात्रीचा खेळ सुटल्यावर शहराच्या निरनिराळ्या भागांतून घरीं परतणाऱ्यांपैकीं पुष्कळांची वाट या चौकांतून जाते, आणि येथेंच सोबत्यांची फाटाफूट होते. म्हणून जें काय मत द्यावयाचें तें रिक्षा भरण्यापूर्वीं द्यावें लागतें. आम्ही या मतास ‘द्वारकेचें मत’ असें नांव ठेवलें आहे. त्याचा शब्दसंग्रह मोठा नाहीं. ‘बरा आहे.’ ‘एकदां पाहायला हरकत नाहीं.’ ‘गाणीं चांगलीं आहेत.’ ‘पहिला अर्धा चांगला, नंतर ताणलाय.’ आणि सर्वांच्या वरताण, ‘टाइमपास!’ हा शेवटचा शब्द आपल्या जिभेवर इतका रुळला कीं, २०१४ सालीं त्याच नांवाचा एक मराठी चित्रपट निघाला आणि तो तुफान चाललाही. आपल्या कलाकृतीस निर्मात्यानें स्वतःच वेळ घालविण्याचें साधन म्हणावें, आणि लोकांनीं तें खरें करून दाखवावें, इतका मोकळेपणा दुसऱ्या कोणत्याही कलेच्या इतिहासांत आढळणार नाहीं.

या शब्दांस हंसणें सोपें आहे. त्यांचा अर्थ लावणें तितकेंसें सोपें नाहीं. ‘बरा आहे’ हें मत बहुधा चित्रपटाविषयीं नसतेंच. तें तिकिटाच्या पैशांविषयीं असतें. चार माणसांचें कुटुंब आज चित्रपटास जातें तेव्हां तिकिटें, वाहन आणि मधल्या सुटींतील खाणें मिळून जो खर्च होतो तो मध्यमवर्गीय गृहस्थास मनांतल्या मनांत मांडावाच लागतो. तो खर्च अगदींच पाण्यांत गेला नाहीं, एवढाच ‘बरा आहे’चा अर्थ. ‘एकदां पाहायला हरकत नाहीं’ हें वाक्य तर खास मराठी सावधपणाचा नमुना आहे. स्तुति केल्याचा ठपका नको आणि निंदा केल्याचा तर नकोच नको! ऐकणारा गेला आणि त्यास आवडला नाहीं तर ‘एकदांच म्हटलें होतें’ असें म्हणण्याची सोय त्यांत राखून ठेवलेली असते. आणि ‘डोकें बाजूला ठेवून पाहावा’ असा जो सल्ला अलीकडे सर्रास दिला जातो तो ऐकला म्हणजे देवळाबाहेर जोडे काढून ठेवणाऱ्या भाविकाची आठवण होते. फरक एवढाच कीं, जोड्यांची काळजी करणारा भाविक दर्शन घेतांना निदान एक डोळा दाराकडे ठेवतो.

परंतु या शब्दसंग्रहांत एक शब्द असा आहे कीं ज्याच्याशीं आम्हांस थोडें भांडावयाचें आहे, आणि तो म्हणजे ‘संथ’. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१४ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला, पुढें त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१५ सालीं तो आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला. तो पाहून आलेल्या दहांपैकीं सात माणसांनीं ‘संथ आहे हो!’ एवढेंच सांगितल्याचें आमच्या कानांवर आलें. हें मत खोटें आहे काय? मुळींच नाहीं. चित्रपट संथ आहेच. नारायण कांबळे नांवाचा एक वृद्ध लोकशाहीर. त्याच्या गाण्यामुळें एका सफाई कामगारानें आत्महत्या केली असा विलक्षण आरोप त्याच्यावर ठेवला जातो, आणि मग तारखा पडत जातात. साक्षीदार येत नाहीं, कागद मिळत नाहीं, न्यायाधीश एकसुरी आवाजांत टिपण सांगत राहतात. कॅमेरा एके ठिकाणीं बसून असतो. माणसें बोलून निघून गेलीं तरी तो लगेच उठत नाहीं. शेवटीं शेवटीं न्यायालयास सुटी लागते, दिवे मालवले जातात, पडदा काळोखांत बुडतो आणि प्रेक्षक उठूं लागतो. पण तेवढ्यानें चित्रपट संपत नाहीं. तेच न्यायाधीश सहलीस गेलेले दिसतात, बांकावर बसल्याबसल्या त्यांस डुलकी लागते, मुलें ओरडून त्यांची झोप मोडतात. ते एकास चापट मारतात आणि पुन्हां डोळे मिटतात.

आतां ज्यानें ‘संथ’ म्हटलें त्यास आम्ही एवढेंच विचारूं इच्छितों : कोठें संथ वाटला? तो म्हणेल, ‘त्या कोर्टाच्या तारखांत. काय चाललें आहे कळेना. म्हातारा आपला आंत बसून आहे आणि यांना घाई म्हणून नाहीं.’ वाचकहो, याहून अधिक समर्पक परीक्षण त्या चित्रपटाचें आमच्या वाचनांत आलें नाहीं! दिग्दर्शकास जें सांगावयाचें होतें तें या गृहस्थास पुरतें पोंचलें आहे. मात्र पोंचलेल्या गोष्टीस तो चित्रपटाचा दोष म्हणत आहे. अंगास चटका बसला तेव्हां त्यानें तो चटका शब्दांत सांगितला. विस्तव कोठें आहे हें पाहण्याआधींच रिक्षा आली.

म्हणून सहज मत हें उथळच असतें असें म्हणणाऱ्या पंडितांशीं आमचें जमत नाहीं. तें अपुरें असतें, आणि त्यास एका पुढच्या प्रश्नाची गरज असते. ‘म्हणजे काय?’ हा तो प्रश्न. तो विचारणारा मनुष्य जवळ असला तर साध्या मतांतून टीका जन्मास येते. नसला तर तें मत हवेंत विरून जातें, किंवा याहून वाईट म्हणजे, त्याची जागा उसनें मत घेतें.

उसन्या मताचे सध्यां दोन प्रकार प्रचारांत आहेत. पहिला तारकांचा. पांचांपैकीं तीन, पांचांपैकीं साडेतीन असे गुण देऊन कोणी तरी चित्रपट आधींच तपासून ठेवलेला असतो, आणि प्रेक्षक तो निकाल खिशांत घेऊनच आंत जातो. मग बाहेर आल्यावर तो स्वतःचें मत सांगत नाहीं. निकाल बरोबर लागला कीं चुकला एवढेंच सांगतो. ही वृत्ति शाळेंतून आलेली असावी. दुसरा प्रकार कोटींचा, आणि तो आम्हांस अधिक चमत्कारिक वाटतो. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजीं लागला. शंभर कोटींच्या घरांत पोंचलेला पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याचा डंका वाजला, आणि पाहतांपाहतां ज्यास त्यास त्या आंकड्याचा अभिमान वाटूं लागला. ज्यांस त्या पैशांतला एक रुपया मिळावयाचा नव्हता, उलट ज्यांनीं आपल्या पदरचे दोनतीनशें रुपये त्यांत घातले होते, असे गृहस्थ ‘आपल्या’ शंभर कोटींविषयीं बोलूं लागले. दुकानदाराच्या गल्ल्याकडे पाहून गिऱ्हाइकाचें पोट भरावें असा हा प्रकार होय. एवढ्या आंकड्याच्या गजरांत चित्रपटाविषयींचें खरें बोलणें बुडून जातें कीं काय अशी भीति वाटत होती. तसें झालें नाहीं. ‘सैराट’पुरतें तरी एक वाक्य त्या गजरांतूनही ऐकूं येत राहिलें, आणि तें वाक्य असें : ‘शेवट तसा नको होता.’

या चार शब्दांवर थोडें थांबणें अवश्य आहे. चित्रपटाची कथा सर्वांस ठाऊक आहे. गांवांतील सत्ताधारी घराण्यांतली आर्ची, आणि खालच्या म्हणून मानलेल्या जातींतला परश्या. पहिल्या भागांत विहिरी, शेतें, नाचगाणीं. मग पळून जाणें, हैदराबादेंतील हालअपेष्टा, हळूहळू उभा राहिलेला संसार, एक मूल. आणि मग माहेरचीं माणसें भेटवस्तु घेऊन घरीं येतात. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलें मूल परत येतें. आईबाप रक्तांत पडलेले असतात. मूल रडत बाहेर पडतें, त्याचीं पावलें जमिनीवर उमटत जातात, आणि पडद्यावरून सारा आवाज काढून घेतलेला असतो. ज्या गाण्यांवर प्रेक्षक जागेवरून उठून नाचले त्यांच्या पाठोपाठ ही शांतता!

‘शेवट तसा नको होता’ हें वाक्य आम्हीं निरनिराळ्या तोंडून ऐकलें, आणि प्रत्येक वेळीं त्याचा अर्थ निराळा होता. एकास आनंदानें घरीं जावयाचें होतें. त्याची तक्रार पैसे देऊन दुःख विकत घेतल्याची. दुसऱ्यास राग आला होता. आमच्या लोकांना खुनी दाखविलें हा त्याचा सल होता, पण तसें स्पष्ट म्हणण्यापेक्षां ‘शेवट’ या शब्दाचा आडोसा त्यास सोयीचा वाटला. तिसऱ्यास त्या रात्रीं झोप आली नव्हती. त्याच्या तोंडीं हें वाक्य म्हणजे टीका नव्हतीच. तो एक हुंदका होता. ज्या समाजांत अशा बातम्या वर्तमानपत्रांच्या आंतल्या पानांवर चार ओळींत येतात आणि जातात, त्या समाजांत हा तिसरा अर्थ घेणारे किती निघाले हें मोजण्याचें साधन कोणापाशीं असतें तर तें शंभर कोटींहून अधिक मोलाचें ठरलें असतें.

आणि आतां याच वाक्याकडे घराच्या आंतून पाहूं. जेवणाचीं पानें मांडलीं आहेत. वडील चित्रपट पाहून आले आहेत आणि म्हणतात, ‘बाकी ठीक आहे, पण शेवट तसा नको होता.’ आई वाढतां वाढतां ‘हं’ म्हणते. त्याच पंगतींत महाविद्यालयांत जाणारी मुलगी बसलेली आहे, आणि तिच्या मनांत कोणी तरी आहे; कोण, हें घरांत कोणास माहीत नाहीं. तिच्या दृष्टीनें वडिलांचें तें वाक्य चित्रपटाविषयीं आहेच कोठें? त्या दोघांनीं मरावयास नको होतें असें बाबांना म्हणावयाचें आहे, कीं त्यांचें मरण दाखवावयास नको होतें असें, कीं मुळांत त्यांनीं घर सोडावयास नको होतें असें? या तीन अर्थांतील अंतर तिच्या साऱ्या आयुष्याइतकें आहे. ‘म्हणजे काय, बाबा?’ असें विचारण्याचें धैर्य तिला झालें तर त्या घरांत त्या रात्रीं जें बोलणें होईल तें एरव्हीं दहा वर्षांत झालें नसतें. न झालें तर ती ‘भाजी वाढ’ म्हणेल, आणि वडिलांस आपण काय बोलून गेलों याचा पत्ताही लागणार नाहीं. आमच्या मध्यमवर्गीय घरांत जात, लग्न, पैसा आणि मृत्यु यांविषयीं उघड बोलण्याची चाल नाहीं. त्या बोलण्यास पाहिलेल्या चित्रपटाचें निमित्त लागतें. दुसऱ्याच्या मुलीविषयीं बोलतां बोलतां आपल्या मुलीविषयीं बोलतां येतें, ही सवलत दुसऱ्या कशानें मिळणार?

ही गोष्ट आजचीच आहे असें नव्हे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभातनें १९३७ सालीं ‘कुंकू’ काढला. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधलेली नीरा हें लग्न मानावयाचें साफ नाकारते, आणि अखेर त्या म्हाताऱ्यासच, केशवराव दाते यांच्या काकासाहेबांसच, आपल्या अन्यायाची जाणीव होऊन तो तिच्या वाटेंतून दूर होतो. अशा चित्रपटावर त्या काळच्या माजघरांत मत देणें म्हणजे कोणत्या तरी आत्याच्या, मावशीच्या किंवा शेजारच्या माईंच्या लग्नावर मत देणें होतें. ‘शान्ता आपटेनें काम झकास केलें’ असें म्हणणाऱ्या स्त्रीस काय म्हणावयाचें होतें हें तिच्या भोंवतीं बसलेल्या स्त्रियांस न सांगतां कळण्यासारखें होतें.

यावर कोणी म्हणेल, आवड ही ज्याची त्याची. तींत वाद कसला? हें वचन ऐकावयास उदार वाटतें, पण तें बोलणें मिटविण्यासाठींच वापरलें जातें. दोघांनीं एकच वस्तु पाहिली असेल तर त्या वस्तूविषयीं वाद होऊं शकतो आणि व्हावाही. अशा वादाचें उत्तम उदाहरण नाशिककरांपुढें ‘नटसम्राट’च्या रूपानें आलें. शिरवाडकरांचें हें नाटक २३ डिसेंबर १९७० रोजीं रंगभूमीवर आलें आणि डॉ. श्रीराम लागू यांचे अप्पा बेलवलकर एका पिढीच्या मनांत कायमचे जाऊन बसले. १ जानेवारी २०१६ रोजीं महेश मांजरेकर यांचा त्याच नांवाचा चित्रपट लागला आणि नाना पाटेकर अप्पा झाले. शिरवाडकर नाशिकचे, तेव्हां येथें घरोघर तुलना सुरू झाली. आजोबा म्हणत ‘लागूंची सर नाहीं’, नातू म्हणे ‘नानानें रडवलें’. वरवर पाहतां हा पिढ्यांचा हट्ट. पण थोडें खोदून विचारलें तर दोघेही एका खऱ्या प्रश्नाजवळ उभे होते. नाटकांतलीं तीं दीर्घ स्वगतें शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावीं म्हणून लिहिलेलीं. रंगभूमीवर अप्पा मोठ्यानें बोलतात कारण ते नट आहेत आणि समोर नाट्यगृह आहे. चित्रपटांत कॅमेरा नटाच्या श्वासापर्यंत जाऊन पोंचलेला असतो. तेथें तोच आवाज कोणासाठीं चढवावयाचा? आमच्या मतें चित्रपटास या प्रश्नाचें उत्तर शेवटपर्यंत सांपडलेलें नाहीं, आणि म्हणूनच त्यांतील उत्कृष्ट क्षण नानांच्या भाषणांत नसून विक्रम गोखले यांच्या रामभाऊंबरोबरच्या निवांत बोलण्यांत आहेत. नाटकांत नसलेलें हें पात्र चित्रपटानें नवें आणलें. आणि जेथें चित्रपट नाटकापासून सुटला तेथेंच तो चित्रपट झाला. नातवास जें रडूं आलें तें कोणत्या प्रसंगीं, एवढें आजोबांनीं विचारलें असतें तर दोघांचें बहुधा एकमत झालें असतें.

जातां जातां हेंही नमूद करावेंसें वाटतें कीं, शिरवाडकरांचा चित्रपटाशीं संबंध ‘नटसम्राट’च्या फार आधींचा. ऐन तारुण्यांत त्यांनीं नाशिकच्याच एका चित्रसंस्थेसाठीं ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली आणि त्यांत लक्ष्मणाची भूमिकाही केली. चित्रपट चालला नाहीं. ज्या प्रेक्षकांनीं ‘कांहीं दम नाहीं’ म्हणून तो पाडला त्यांनीं मराठी कवितेवर केवढे उपकार केले, याची त्यांस कल्पना नसेल!

सहज मताच्या बाजूनें शेवटचा साक्षीदार म्हणून ‘संत तुकाराम’ उभा करतों. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट १९३६ सालचा. मुंबईंत एकाच चित्रपटगृहांत तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाविषयीं जाणकारांनीं विपुल लिहिलें आहे, आणि तें योग्यच आहे. पण हा चित्रपट ज्यांनीं पुनःपुन्हां पाहिला अशा वृद्ध स्त्रियांस विचारून पाहा. त्या तुकारामाविषयीं हात जोडतात आणि लगेच जिजाईविषयीं बोलूं लागतात. गौरीबाईंनीं रंगविलेली ती जिजाई म्हशीला सांभाळते, मुलांच्या तोंडीं घास घालते, नवऱ्यावर डाफरते, आणि प्रसंगीं देवळांत शिरून प्रत्यक्ष विठोबाचीही खरडपट्टी काढते. शेवटीं वैकुंठास जावयाची वेळ येते तेव्हां तुकाराम तिलाही चल म्हणतात. ती मात्र घर आणि मुलें टाकून निघत नाहीं. ‘तो गेला विमानांतून, मागें तिनें काय करायचें?’ असें एखादी आजी सहज म्हणून जाते. संतचरित्रपटाच्या शेवटीं प्रेक्षकाचें मन विमानाबरोबर वर न जातां चुलीपाशीं घुटमळत राहावें, ही त्या चित्रपटाची सर्वांत मोठी किमया आहे. ती उलगडून सांगण्यास टीकाकारास दहा पानें लागतील. आजीस तीं लागत नाहींत, कारण तिला टीका करावयाची नाहीं, तिला जिजाईची काळजी वाटते.

आतां एक सूचना करून हा लेख पुरा करतों. चित्रपट अलीकडे घरींच, आणि पुष्कळदां ज्यानें त्यानें आपापल्या दूरध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर पाहावा अशी रीत पडत चालली आहे. त्यामुळें जिना उतरतांना ‘कसा वाटला?’ असें विचारण्याचा प्रसंगच येत नाहीं, आणि एका घरांतील चार माणसांनीं पाहिलेले चार चित्रपट एकमेकांस ठाऊक नसतात. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून चालत आलेलें आहे. त्यानें किंवा तशाच एखाद्या संस्थेनें आपल्या दालनांत एक जाड वही दोरी बांधून ठेवावी, आणि पाहिलेल्या चित्रपटाविषयीं येणाऱ्याजाणाऱ्यानें तींत दोनचार ओळी लिहाव्या. नांव घातलें नाहीं तरी चालेल; गल्लीचें किंवा पेठेचें नांव मात्र असावें. ‘बरा’ आणि ‘टाइमपास’ हे शब्द वर्ज्य समजावे, तारका काढूं नयेत, आणि चित्रपटानें किती कोटी मिळविले हें लिहिल्यास ती ओळ ग्रंथपालानें खुशाल खोडून टाकावी. खालीं थोडी जागा कोरी सोडावी, म्हणजे पुढच्यास तेथें ‘म्हणजे काय?’ असें विचारतां येईल.